अटाळ्यातल्या कॅसेटी : इंदुरात जुने व्हिडिओ गेम जमवायचे कसे आणि खेळवायचे कसे

परदेशी लिलावात लाखांना जाणारी सीलबंद कॅसेट दुर्मीळ असेलही, पण ती घ्यायला छंद लागत नाही, नुसते पैसे लागतात. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम जगभर ४ कोटींवर खपला. त्याची कॅसेट आजही हवी तितकी मिळते. पण राजवाड्याजवळच्या दुकानातून दिवाळीला घेतलेला टीव्ही गेम, खोक्यासकट, दुकानाचा शिक्का मारलेल्या गॅरंटी कार्डासकट, दोन्ही रिमोट शाबूत, असा कुणाच्या माळ्यावर निघाला तर त्याला जोड सापडणं मुश्कील. आपल्याकडे खोकं पहिल्याच आठवड्यात रद्दीत जायचं. गेम भाच्याकडे, भाच्याकडून शेजाऱ्याकडे आणि शेवटी अटाळ्यात. हा लेख इंदूर-महू-देवास भागात राहणाऱ्या, बेताचा खिसा असणाऱ्या आणि जमवलेलं चार जणांना खेळायला द्यायची तयारी असणाऱ्या माणसासाठी आहे. गुंतवणूक म्हणून जमवणाऱ्यांना यात फारसं काही सापडणार नाही.

आधी हद्द ठरवा

"मी सगळंच जमवतो" म्हणणाऱ्याकडे वर्षभरात वायरींचा गुंता आणि घरच्यांची बोलणी एवढंच जमतं. एक कप्पा ठरवा, आणि त्यात मावेल तेवढंच घ्या. आपल्याकडे सापडण्यासारखे गट साधारण चार: कॅसेटवाले ८-बिट टीव्ही गेम, प्लेस्टेशन १ आणि २ च्या डिस्क, हातात धरून खेळायची यंत्रं (ब्रिक गेमपासून गेमबॉयपर्यंत), आणि कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या-सीड्या.

मला विचाराल तर सुरुवात ८-बिटनेच करा. त्यात फिरणारा एकही भाग नाही, लेझर नाही, बिघाड बहुतेक वेळा पिना, स्विच किंवा वायरीत असतो आणि घरच्या घरी निघतो. फ्लॉप्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. वीस-तीस वर्षं दमट कपाटात राहिलेली फ्लॉपी वाचली गेली तर ते नशीब समजायचं. मात्र 'डिजिट'सारख्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या दिसल्या तर सोडू नका. लोक मासिक रद्दीत आणि सीडी कचऱ्यात टाकत, त्यामुळे पाकिटासकट सीडी आता क्वचितच दिसते.

भारतात नेमकं काय आलं

हे माहीत नसेल तर समोर आलेली चीज ओळखता येत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

निन्टेंडो या जपानी कंपनीने फॅमिकॉम हा टीव्ही गेम जपानात जुलै १९८३ मध्ये आणला. त्याचंच अमेरिकी रूप म्हणजे एनईएस, १९८५ चं. आतलं डोकं तेच, पण फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना आणि एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडे निन्टेंडोचं यंत्र 'सामुराई' या नावाने विकलं गेलं, पण घराघरांत पोचली ती त्याची स्वस्त भावंडं: मीडिया कंपनीचा 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर'सारखी नावं लावलेली नक्कल यंत्रं आणि नावच नसलेली कितीतरी. ही यंत्रं ६० पिनांची कॅसेट घेतात. म्हणून इंदुरात बहुतेक वेळा ६० पिनांचीच कॅसेट हाती येते. अमेरिकेतून मामाने आणलेली ७२ पिनांची कॅसेट असेल तर ती बसवायला मधला अ‍ॅडॅप्टर लागतो. दामटून घालायचा प्रयत्न करू नका.

नक्कल म्हणून नाक मुरडणारे संग्राहक भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. नामकोचा 'बॅटल सिटी' १९८५ मध्ये जपानच्या फॅमिकॉमसाठी निघाला. अमेरिकेच्या एनईएसवर तो कधी आलाच नाही. आपल्याकडे मात्र 'टँकवाला गेम' म्हणून पोरापोराला तो पाठ होता, आणि तो याच नक्कल कॅसेटींमुळे. '९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटीत खरे गेम थोडेच असतात. तेच गेम पुढच्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन नव्या नावाने पुन्हा पुन्हा लावलेले असतात. तो मेनू, त्यातली चुकीच्या स्पेलिंगची नावं, मागचं चित्र, पार्श्वसंगीत हे सगळं प्रत्येक कॅसेटीत निराळं असतं, आणि त्याची नोंद जवळपास कुणीच ठेवलेली नाही.

'कॉन्ट्रा'ची कॅसेट हाती आली तर लगेच लावून पाहा. त्याची ही कॅसेट आवृत्ती १९८८ ची. जपानी आवृत्तीत पहिल्याच टप्प्यात जंगलाची पानं हलताना दिसतात, बर्फाच्या टप्प्यात बर्फ पडतो आणि टप्प्यांच्या मध्ये नकाशा येतो. अमेरिकी आवृत्तीतून हे सगळं काढलेलं आहे, कारण जपानी कॅसेटीत गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीची स्वतःची खास चिप होती आणि अमेरिकी कॅसेटीत ती नव्हती. झाडं हलली तर ती कॅसेट जपून बाजूला ठेवा.

सेगा कंपनीचा मेगा ड्राइव्ह हा टीव्ही गेम १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात आला. किंमत १८ हजारांच्या घरात, म्हणजे त्या काळी भलतीच. साहजिकच तो फार थोड्या घरांत गेला. शॉ वॉलेसचं नाव असलेलं खोकं किंवा कार्ड दिसलं तर यंत्र बंद असलं तरी घ्या. त्यावर चालणारा 'ब्रायन लारा क्रिकेट ९६' आजही चार माणसं जमवतो. क्रिकेटचंच निघालं म्हणून सांगतो: एनईएसवर 'इंटरनॅशनल क्रिकेट' नावाचा एक गेम १९९२ मध्ये फक्त ऑस्ट्रेलियात निघाला होता. मेलबर्नला नातेवाईक असतील तर विचारून ठेवायला हरकत नाही.

प्लेस्टेशन २ वरचे भारतीय गेम हा माझ्या मते आज सर्वांत दुर्लक्षित कोपरा आहे. हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि देशी खेळांवरचा 'देसी अड्डा', दोन्ही २००९ चे, मग 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० चा आणि 'रा.वन' २०११ चा. गेम म्हणून हे फार थोर नाहीत, 'हनुमान' तर खेळायला बराच कंटाळवाणा आहे. पण ते इथेच बनले, इथेच विकले गेले, आणि प्लेस्टेशन २ चं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबल्यावर दुकानदारांनी उरलेला माल मिळेल त्या भावाने काढला. एमआरपीचा स्टिकर आणि आतली पुस्तिका शाबूत असलेला डबा घ्या. स्टिकर 'साफ करायच्या' नादात खरवडू नका, भारतीय प्रतीची ती खूण आहे.

मोबाइलवाल्यांसाठी नोकियाचा एन-गेज हा गेम खेळायचा फोन आहे, २००३ चा. त्याचे गेम छोट्या मेमरी कार्डावर येत, आणि पहिल्या मॉडेलमध्ये कार्ड बदलायला मागचं झाकण उघडून बॅटरी काढावी लागे. कार्डं इतकी लहान की फोन सापडतो, गेम सापडत नाही.

शोध : घर, अटाळा, जेल रोड

सर्वांत आधी ओळखीची घरं. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, टिळक नगर, जिथे कुटुंबं दोन-तीन पिढ्या एकाच घरात आहेत, तिथे माळे अजून भरलेले आहेत. फक्त विचारायची पद्धत हवी. "तुमच्याकडे रेट्रो कन्सोल आहे का?" असं विचारलंत तर काकू नाहीच म्हणणार. "काकू, दादा लहानपणी टीव्हीला लावून खेळायचा ना, तो कॅसेटवाला गेम, त्याचं काही राहिलंय का वर?" असं विचारा. दिवाळीची साफसफाई, घराला रंग, वाडा पाडून फ्लॅट होणं, या तीन वेळा हेरून ठेवा. यंत्र मिळालं की अ‍ॅडॅप्टर आणि टीव्हीवर नेम धरायची खेळातली बंदूक वेगळ्या पिशवीत आहे का, तेही विचारा; हमखास असते.

काकूंनी "घेऊन जा रे, कचराच आहे" म्हटलं तरी तसंच उचलू नका. तो दादा आता पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत असतो. त्याला व्हिडिओ कॉल लावा, वस्तू दाखवा, बाजारात हिला काय मिळेल ते सांगा आणि मग ठरवा. बरेचदा तो फुकट देतो, वर हा गेम कुठून घेतला, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणाबरोबर खेळायचो, हेही सांगतो. ते लिहून घ्या, पुढे उपयोगी पडतं.

दुसरी जागा अटाळेवाला. तो प्लॅस्टिक आणि तांबं किलोच्या भावाने घेतो, त्यामुळे वायर कापणं हे त्याचं पहिलं काम. त्याला कॅसेट आणि यंत्राचा फोटो दाखवून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या आणि एवढंच सांगा: "भाऊ, असं काही आलं तर कापू नका, तोडू नका, किलोच्या भावापेक्षा जास्त देईन." पहिल्या वेळी आणलेली वस्तू निकामी असली तरी थोडे पैसे द्या, नाहीतर तो दुसऱ्यांदा फोन करणार नाही.

तिसरी जेल रोड. नॉव्हेल्टी मार्केट आणि आसपासच्या मोबाइलवाल्यांकडे जुन्या फोनांचे डबे असतात. एन-गेज किंवा त्याची कार्डं तिथे निघाली तर निघतील. टीव्ही दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक हा त्याहून मोठा खजिना. दुरुस्तीला आलेली आणि कुणी न्यायला न आलेली यंत्रं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पडून असतात. शिवाय महू आहे. छावणीतून बदली होऊन जाणारी कुटुंबं सामान हलकं करतात, आणि देशभर फिरलेल्या घरांत इंदुरात कधी न विकलेल्या वस्तू निघतात.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीवर जाऊ नका, तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते शोधा. यंत्र चालू करून, तुमचं नाव लिहिलेल्या कागदासह व्हिडिओ मागवा. तुम्ही विकत असाल आणि समोरचा "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला तर फोन ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कधीच. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि टपालखर्च धरून हिशेब करा, बरेचदा वस्तूपेक्षा वरचा खर्च जास्त निघतो.

पैसे देण्याआधी काय पाहायचं

प्लेस्टेशन १ ची अस्सल डिस्क खालून काळी असते. चांदीसारखी किंवा हिरवट-निळसर दिसली तर ती बहुधा घरी बर्न केलेली कॉपी. प्लेस्टेशन २ च्या काही डिस्क मात्र निळ्याच असतात, कारण ते गेम डीव्हीडीवर नसून सीडीवर होते, त्या पाहून घाबरू नका. डिस्कवरचा कोड वाचा: एसएलईएस किंवा एससीईएस म्हणजे युरोप-पाल गट (पाल ही युरोपात आणि भारतात चालणारी टीव्हीच्या चित्राची पद्धत), आणि भारतात अधिकृत आलेला माल त्यातलाच. एसएलयूएस म्हणजे अमेरिकी. तो आपल्या पाल यंत्रावर बदल केल्याशिवाय चालत नाही.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटीत सर्वांत जास्त फसवणूक होते, पोकेमॉनमध्ये तर विचारूच नका. अस्सल कॅसेटीच्या लेबलावर दोन अंक किंचित दाबून उठवलेले असतात, तिरप्या उजेडात दिसतात. खालच्या फटीतून पाहिलं तर पिनांच्या वर बोर्डावर 'निन्टेंडो' छापलेलं दिसतं. ते नसेल तर खोटी.

८-बिटच्या बाबतीत खरं-खोटं हा प्रश्नच वेगळा. बहुतेक सगळं खोटंच, आणि तेच आपल्याला हवंय. तिथे पाहायचं ते इतकंच: डबा पूर्वी उघडला गेलाय का, पिनांवर हिरवी बुरशी चढली आहे का, कॅसेट हलवल्यावर आत काही खडखडतंय का.

वीज आणि टीव्ही

इथे घाई केली तर यंत्र एका सेकंदात जातं. जपानी अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकी १२० चा, आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. तो सरळ लावायचा नाही. पुढची गंमत अशी की एनईएसचा मूळ अ‍ॅडॅप्टर एसी वीज देतो आणि फॅमिकॉमला डीसी लागते. एनईएसचा फॅमिकॉमला लावला तर फॅमिकॉम जळतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलच्या पिनेत मधे ऋण असतो, दुसऱ्याच्या पिनेत मधे धन. नक्कल यंत्रांत तर ज्याला जे सुचलं ते. म्हणून यंत्राच्या पाठीवर छापलेलं चित्र पाहा, मल्टिमीटरने पिनेवरचा धन-ऋण तपासा, मगच लावा. महाराणी रोडवर हव्या त्या व्होल्टेजचा अ‍ॅडॅप्टर मिळतो. सोबत जुनं यंत्र घेऊन गेलात तर पिनेचं मापही तिथेच जुळवता येतं.

रिमोटचंही तसंच. नक्कल यंत्रांच्या रिमोटला ९ पिनांचं टोक असतं आणि सेगाच्याही. दोन्ही एकमेकांत बसतात, पण आतली जोडणी निराळी. अदलाबदल करू नका.

टीव्ही शक्य असेल तर जुना नळीचा मिळवा. 'डक हंट'ची बंदूक नळीच्या पडद्याच्या उजेडावर आणि त्याच्या अचूक वेळेवर चालते. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे बंदुकीला बदक दिसतच नाही. ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉनचे टीव्ही अजूनही लोक घेऊन जा म्हणतात. जुना, फक्त पाल घेणारा टीव्ही जपानी यंत्राचं चित्र काळं-पांढरं दाखवेल, तो टीव्हीचा बिघाड नव्हे. टीव्हीचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. नळीत बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात, ते काम मेकॅनिकचं.

सफाई

फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच आहे आणि ती सोडायला हवी. फुंकरीने कॅसेट चालायची नाही. ती काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट जुळायच्या. थुंकीची वाफ मात्र पिनांवर राहते आणि धातू खाते.

कॅसेट उघडायला भारतीय डब्यांना साधा पेचकस पुरतो, काही तर नुसत्या खटक्यावर असतात. एनईएस आणि सेगाच्या बहुतेक अस्सल कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास बिट (पेचकसाचं टोक) लागतो. उघडलेली '९९ इन १' कॅसेट पहिल्यांदा पाहिली की हसू येतं. एवढ्या मोठ्या डब्यात वितीपेक्षाही लहान हिरवा बोर्ड, मधे चिपच्या जागी काळ्या डांबरासारख्या रेझिनचा एक थेंब, आणि खाली पिनांची रांग. नीट पाहिलं तर प्रत्येक पिनेवर अर्ध्या उंचीवर एक आडवी काळपट रेघ दिसते. यंत्राचा कनेक्टर रोज तिथपर्यंत घासत आलेला असतो. सफाई त्या रेघेची करायची.

९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इलेक्ट्रॉनिक स्पेअरच्या दुकानात मिळतो. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि चिकट द्रव्यं असतात. कापसाची काडी बुडवा, निथळू द्या आणि पिनेच्या लांबीच्या दिशेने वरून खाली ओढा, आडवी घासू नका. पहिली काडी काळी होईल, दुसरी करडी. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदलत राहा. मग दुसरी बाजू. दहा मिनिटं वाळू द्या आणि लावा. तरी चालली नाही तर पांढरं मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने एकदा फिरवा आणि पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर, पितांबरी, टूथपेस्ट असले उपाय कुणी कितीही छातीठोक सांगितले तरी नकोत. पिनेवरचा मुलामा केसापेक्षाही पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि कॅसेट महिनाभर चालून कायमची बंद पडते.

सफाईनंतरही चित्र फुटत असेल तर दोष यंत्राच्या कनेक्टरचा असू शकतो. स्वच्छ कॅसेटच्या पिनांना अल्कोहोल लावून ती वीज बंद असताना दोन-चारदा आत-बाहेर करा. रिमोटचं बटण दाबलं जात नसेल तर उघडून आतल्या रबराखालची काळी टिकली आणि बोर्डावरची रेघ पुसा. बहुतेक रिमोट तेवढ्यावरच जिवंत होतात.

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन वापरतात. इंदूरचं मे महिन्यातलं ऊन त्याला अगदी योग्य, तरी मी सांगेन की करू नका. पट्टे पडतात, प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि काही वर्षांत पिवळेपणा परत येतो.

हातातल्या यंत्रात जुने सेल गळून पांढरी पूड साचली असेल तर कापसावर थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन ती पुसा, मग अल्कोहोल. खेळून झालं की सेल काढून ठेवायचे.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर सगळ्यांत वाईट. कॅसेटी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला. डिस्क उभ्या ठेवा. खोकी भिंतीला टेकवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली कॅसेट दिसली तर तो कागद आधी काढा. पण त्यावरची तारीख पाहून, फोटो काढून.

वही

संग्रहातली सगळ्यांत कमी खर्चाची आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी गोष्ट ही. एक्सेल चालेल, वहीही चालेल. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. पिना किती, लेबलावर काय छापलंय, बोर्डावर काय छापलंय, मेनूत कुठले गेम आहेत, कुठून आणि कितीला आली, एवढं लिहा. त्यापुढे आधीच्या मालकाची गोष्ट. नव्वदीत कॅसेटी भाड्याने देणारी दुकानं होती. त्यांचे शिक्के, पेनने घातलेले क्रमांक, "उशीर झाल्यास दंड" असल्या चिठ्ठ्या अजून डब्यांवर चिकटलेल्या सापडतात. त्या काढू नका. त्या दुकानाचे काका हयात असतील तर जाऊन भेटा, परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा. गेम जपान-अमेरिकेत कितीतरी जणांनी जपलेत, स्नेहलतागंजात ते कसे खेळले गेले हे मात्र आपल्याशिवाय कुणी लिहिणार नाही.

खेळवायला कसं द्यायचं

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असं दिसलं की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे जुनी प्रत आहे तोच खेळू शकतो. ती प्रत कपाटात कुलूपबंद ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

सुरुवात सोसायटीच्या हॉलपासून करा. गणेशोत्सवात कार्यक्रमांच्या मधल्या दुपारी रिकाम्या असतात, मंडळाच्या काकांशी बोलून त्यातली एक मागून घ्या. दोन यंत्रं, दोन नळीचे टीव्ही, तीन-तीन रिमोट (एक हमखास रुसतो), स्विचवालं एक्स्टेंशन बोर्ड आणि जमिनीला चिकटपट्टीने चिकटवलेल्या वायरी. वायरीत पाय अडकून यंत्र खाली आलं तर कॅसेटीची पिन तुटते, म्हणून यंत्र टेबलावर नको, जमिनीवर. दुर्मीळ कॅसेटी त्या दिवशी बाहेर काढू नका. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस आणि रोड फायटर पुरेत. तीन लाइफ संपल्या की रिमोट पुढच्याकडे. कॉन्ट्राचा ३० लाइफवाला कोड त्या दिवशी बंद, नाहीतर एकच चाळिशीचा गृहस्थ तासभर उठत नाही. पोहे-जिलेबी हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि मधे हात धुवायची सोय करा. पाकाचे हात लागलेला रिमोट उघडून धुण्यात अख्खी संध्याकाळ जाते. आणि एक खुर्ची बाजूला ठेवा. "आमच्याकडेही होता असा" म्हणत कुणीतरी येतंच, त्याला बसवून वही पुढे करा. नवीन वस्तू अशाच मिळतात.

उसनी देताना नोंद करा, देण्याआधी फोटो काढा, अनामत घ्यायची तर घ्या आणि वस्तू परत आली की परत द्या. भाडं मात्र आकारू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणालीची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क कलम १४ प्रमाणे हक्कधारकाकडे आहे. आत बॅटरी असलेल्या कॅसेटीत, म्हणजे 'झेल्डा' किंवा पोकेमॉनसारख्या, जुन्या मालकाचा सेव्ह केलेला डाव अजून असू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलेलं नाव पडद्यावर येतं. तो डाव पुसू नका असं उसनं नेणाऱ्याला स्पष्ट सांगा. ती ३ व्होल्टची बॅटरी उतरत आली की बदलावी लागते आणि बदलताना डाव जातो, म्हणून आधी पडद्याचा फोटो काढा.

प्रती काढण्याबद्दल सारखं विचारलं जातं. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कायदेशीर प्रत बाळगणारा माणूस, ती हरवली-बिघडली तर हाताशी असावी म्हणून, प्रणालीची राखीव प्रत काढू शकतो. ती इंटरनेटवर चढवायची किंवा पेनड्राइव्हवर वाटायची मुभा त्यात नाही. 'आता कुणी विकत नाही, मग काय हरकत?' हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही. हक्क लेखकाच्या हयातीनंतरही ६० वर्षं राहतो, आणि घरगुती व्हिडिओ गेमचा जन्मच १९७२ चा. ज्यांना वाटायचंच आहे त्यांच्यासाठी हौशी मंडळींनी जुन्या यंत्रांसाठी आज नव्याने लिहिलेले आणि स्वतःच मोफत दिलेले गेम भरपूर आहेत.

अनोळखी कॅसेट सापडली की वाटण्यासारखं दुसरं बरंच असतं: लेबलाचा समोरून आणि पाठीमागून फोटो, उघडलेल्या बोर्डाच्या दोन्ही बाजू, पिना मोजता येतील असा एक जवळचा फोटो, मेनूचं प्रत्येक पान आणि सोबत तुम्ही लिहिलेलं टिपण. फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न लावता काढा. रेझिनच्या थेंबावर फ्लॅश चमकला की शेजारचे बोर्डाचे अंक वाचता येत नाहीत. टिपणात गाव आणि साधारण वर्ष घाला. कॅसेटीच्या पाठीवर जुन्या मालकाने नाव-पत्ता किंवा फोन नंबर लिहिलेला असेल तर बाहेर द्यायच्या फोटोत तेवढा भाग झाका, वहीतल्या फोटोत राहू द्या.